पाठीतल्या पाण्याचा उगम

मूलपेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूचे इवलेसे गोळे वाढवतात, ही बातमी आता जुनी झाली. तरी ती अधूनमधून नव्याने छापून येते आणि खाली प्रश्न ठरलेला असतो: हा गोळा विचार करतो का? त्याला काही कळतं का? भाचरं मला अशा बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, कारण आत्या लॅबमध्ये होती. खरं सांगायचं तर वाटाण्याएवढ्या पेशीगोळ्याच्या मनात काय चालतं याची मला फारशी उत्सुकता नाही. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली आणि मेंदूशी माझा संबंध आला तो त्याच्या पाण्यापुरता. म्हणून २०२० साली केंब्रिजच्या एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीतून आलेलं काम वाचताना मी अडकले ती गोळ्यात आलेल्या फुगवट्यांपाशी. भोवतालचं पोषकद्रव गुलाबी, फुगवट्यातलं पाणी बिनरंगाचं. बाहेरचं पाणी झिरपून आत साठलं असतं तर तेही गुलाबी दिसलं असतं. हे पेशींनी स्वतः बनवलेलं होतं.

सीएसएफ म्हणतात त्याला डॉक्टर लोक. पुस्तकात मस्तिष्कमेरू द्रव. वॉर्डाबाहेर, हातात केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या तोंडी ते 'पाठीतलं पाणी'. आमच्याकडे ते तीन छोट्या बाटल्यांतून यायचं. एक साखर आणि प्रथिनांसाठी, एक जंतूंसाठी, एक पेशी मोजायला. लघवी-रक्ताचे नमुने ट्रेमध्ये रांगेत थांबायचे, पण हे थांबवून चालत नाही; तासाभरात त्यातल्या पेशी विरायला लागतात. बाटली आली की हातातलं काम ठेवायचं, ती उजेडात धरायची आणि मागे छापील कागद. निरोगी माणसाच्या पाण्यातून अक्षरं स्पष्ट वाचता येतात. अक्षरं पुसट झाली की आत पू असण्याची शक्यता. पिवळट झाक असली तर जुना रक्तस्राव किंवा वाढलेली प्रथिनं. आणि बाटली न हलवता ठेवल्यावर आत नाजूक कोळिष्टक धरलं, की मनात क्षयाची शंका यायची आणि हात आपोआप त्या रुग्णाचं वय बघायला केसपेपरकडे जायचा. फार वेळा ते लहान मूल असायचं.

मग न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे बारीक चौकटी आखलेल्या काचेवर, थेंब टाकून मोजणी. पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे पाचच्या आत असल्या तर सुटलो. प्रथिनं शंभर मिलिलिटरमागे १५ ते ४५ मिलिग्रॅम, साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश, हे आकडे अजून झोपेतही सांगेन. क्षयाने मेंदूची आवरणं सुजली असली की साखर उतरते, प्रथिनं चढतात, आणि पेशींत लिम्फोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते.

पण घरच्यांना या आकड्यांशी देणंघेणं नसतं. त्यांची भीती वेगळीच. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की डॉक्टरांचा अर्धा वेळ सुई टोचण्यापेक्षा समजूत घालण्यात जातो. एकदा एका मुलाची आई वॉर्डातून थेट आमच्या खिडकीशी आली. "मॅडम, किती काढलं?" मी बाटल्या दाखवल्या. "आणि हे परत भरतं का?" भरतं म्हटलं. "कधी?" याचं उत्तर मला तोंडपाठ होतं, तरी ते देताना मीच थोडी चमकले. मोठ्या माणसाच्या शरीरात हे पाणी मिनिटाला सुमारे ०.३५ मिलिलिटर तयार होतं. म्हणजे काढलेलं दोन-तीन मिलिलिटर दहा मिनिटांच्या आत भरून निघतं. लहान मुलाला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. तिला म्हटलं, "बाई, तुम्ही जिना उतरून इथे येईपर्यंत बरंचसं भरलंसुद्धा असेल." तिचा विश्वास बसला की नाही माहीत नाही, ती पदर सावरत परत वर गेली.

दिवसाला अर्धा लिटर. एका वेळी आत असतं फक्त दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा नवं होतं. चौदाशे ग्रॅमच्या आसपासचा मेंदू या पाण्यात बुडालेला असताना त्याचं वजन पन्नासेक ग्रॅमच भरतं. नाहीतर तो स्वतःच्याच भाराने तळाशी चेपला असता. एवढं काम करणारं पाणी, आणि आम्ही त्याच्याकडे साक्षीदार म्हणूनच पाहिलं. जंतू आले होते का सांग, रक्त सांडलं होतं का सांग. ते मुळात बनतं कसं, हा प्रश्न लॅबमध्ये कोणी कोणाला विचारला नाही.

बनतं मुख्यतः मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये. अशा चार पोकळ्या आहेत आणि त्या प्रत्येकीत कोरॉइड प्लेक्सस नावाचा ऊतीचा गुच्छ असतो. ज्यांनी घरी वजडी साफ केली आहे त्यांना तिच्या आतली मऊ, दाट झालर आठवेल. हा दिसायला त्याच जातीचा, फक्त फार नाजूक आणि लालसर. आत रक्तवाहिन्या, त्याही जरा गळक्या. बाहेरून पेशींचा एकपदरी थर, आणि या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या की दोघींच्या मधून काही सुटत नाही. जे काही पलीकडे जायचं ते पेशीच्या पोटातूनच, तिच्या परवानगीने. सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट या पेशी पोकळीच्या बाजूला ढकलतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. रक्त गाळून हे पाणी निघत नाही, ते निवडून बनवलं जातं. त्यामुळे या एका थराकडे दोन खाती आहेत: पाणी बनवणं, आणि रक्तातलं काय मेंदूच्या पाण्यात जाऊ द्यायचं ते ठरवणं.

हे कळायला फार काळ लागला, आणि त्याचं एक कारण विचित्र आहे. शवविच्छेदन करणारे आधी मुंडकं वेगळं करायचे, आणि तेवढ्यात पाणी सांडून जायचं. पोकळ्या उघडल्या तेव्हा त्या रिकाम्या, म्हणून त्यांत वायुरूप प्राणतत्त्व भरलेलं असणार असं शतकानुशतकं मानलं गेलं. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली लिहून ठेवलं की मेंदू आणि मणक्याभोवती पाणी असतं. त्यासाठी त्यांनी प्रेतं उभी धरून कमरेपाशी उघडली. जिवंत माणसाच्या कमरेतून सुईने पाणी काढायची पद्धत जर्मनीतल्या कीलमध्ये हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये घालून दिली. आजही डॉक्टर मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन जी सुई घालतात ती मुळात त्यांची.

उगमाचा प्रश्न अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी यांनी धसाला लावायचा प्रयत्न केला. कुत्र्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांची तोंडं बंद केली आणि एकाच बाजूचा कोरॉइड प्लेक्सस काढून टाकला. ज्या बाजूला तो राहिला ती पोकळी फुगली, दुसरी चिमली. १९१९ सालचा हा प्रयोग वाचायला फार देखणा आहे. इतका देखणा, की मला थोडा संशयच येतो. आणि पुढे झालंही तसंच: इतरांना तो निकाल जसाच्या तसा मिळाला नाही. १९६९ मध्ये थॉमस मिलहोरॅट यांनी माकडांचा प्लेक्सस काढून पाहिला, तर पाणी तयार होणं कमी झालं, पण थांबलं नाही. म्हणजे काही वाटा मेंदूच्या इतर भागाचाही आहे. किती, यावर आजही जाणकारांचं एकमत नाही.

डँडी यांनी 'डोक्यात पाणी झालेल्या' तान्ह्या बाळांवर हीच कल्पना वापरून पाहिली, उगमच काढून टाकायचा. फारसं यश आलं नाही आणि जग पाण्याला वाट काढून देण्याकडे वळलं. आपल्याकडे ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांना छाब्रा शंट माहीत असेल: डोक्यातून कातडीखालून पोटात उतरणारी नळी, उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारी. युगांडातल्या एका अभ्यासात पस्तीस डॉलरची ही शंट साडेसहाशे डॉलरच्या परदेशी शंटशेजारी ठेवून पाहिली, तर वर्षभराच्या निकालात फरक पडला नाही. तो अभ्यास करणारे बेंजामिन वॉर्फ यांनीच पुढे तिथे दुर्बिणीतून प्लेक्सस जाळण्याची शस्त्रक्रिया रुळवली. डँडींची कल्पना अशी ऐंशी-नव्वद वर्षांनी आफ्रिकेतून परत आली.

एवढं सगळं होऊनही एक अडचण तशीच राहिली. जिवंत माणसाचा कोरॉइड प्लेक्सस कामात असताना बघायचा कसा? तो मेंदूच्या गाभ्यात आहे. बायॉप्सी म्हणून चिमटाभर काढून घेण्याची ती जागा नव्हे. कमरेतून आम्हाला मिळायचं ते पाणी वरून खाली येईपर्यंत मेंदूभर आणि मणक्याभर हिंडून आलेलं. आणि उंदराचा प्लेक्सस उंदराचा. त्याच्या दारावरचे नियम माणसासारखेच असतील असं धरून चालता येत नाही.

इथे मूलपेशी येतात. क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा गर्भावस्थेतल्यासारखं केलं, म्हणजे त्यातून शरीराची कुठलीही पेशी घडू शकेल असं. २०१२ चं नोबेल जॉन गर्डन यांच्याबरोबर त्यांना मिळालं. दुसरा धागा व्हिएन्नातला. तिथे युर्गन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेत मॅडलिन लँकेस्टर नावाची तरुण संशोधक मेंदूच्या पेशी बशीच्या तळाला चिकटवून सपाट वाढवायचा प्रयत्न करत होती. त्या चिकटल्या नाहीत. द्रवात तरंगत त्यांनी गोळे केले. आमच्या लॅबमध्ये असं झालं असतं तर बशी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या भांड्यात, गेली असती आणि विषय मिटला असता. लँकेस्टर यांनी गोळे सूक्ष्मदर्शकाखाली घातले. काहींत काळा ठिपका दिसला, आणि तो निघाला डोळ्याच्या पडद्यातल्या रंगद्रव्याचा. कोणी न सांगता पेशींनी डोळ्याची सुरुवात करून ठेवली होती.

मग त्यांनी गोळ्यांना उंदराच्या गाठीपासून बनवलेल्या एका जेलचा आधार दिला, द्रव सतत फिरता ठेवला, आणि २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं काम आलं. गोळे चार मिलिमीटरपर्यंत वाढत. त्यांत मेंदूच्या बाह्यपटलाचे तुकडे होते आणि मधूनच, मागितला नसताना, कोरॉइड प्लेक्ससही. बातम्यांनी बाह्यपटल उचललं. तिथे विचार असतो ना.

केंब्रिजला स्वतःची प्रयोगशाळा झाल्यावर लँकेस्टर आणि लॉरा पेलेग्रिनी यांनी हा मागितला नसलेला भाग मुद्दाम मागवला. गर्भात बाह्यपटलाच्या काठाशी दोन संदेश जोरात असतात आणि त्या काठाच्या पेशी प्लेक्सस होतात. तेच दोन संदेश बाहेरून दिले: बीएमपी४ हे प्रथिन, आणि पेशीतला डब्ल्यूएनटी नावाचा संदेशमार्ग जागा करणारं एक रसायन. ठराविक वयाला, काही दिवसांपुरते. गोळ्यांच्या कडांना घड्या पडल्या, घड्यांचे फुगवटे झाले, फुगवट्यांत पाणी जमलं. सुईने ते काढून त्यातली प्रथिनं तपासली आणि माणसाच्या सीएसएफशी ताडून पाहिली. ओळखीची बरीच निघाली, आणि गोळ्याचं वय वाढत गेलं तसा पाण्याचा मेळही बदलत गेला.

त्यांनी केलेली एक चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिचं उत्तर आधीच माहीत होतं. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन कमी पडतं, पण गोळीतून डोपामिन देऊन उपयोग नसतो, ते मेंदूत शिरत नाही. म्हणून त्याचं पूर्वरूप, एल-डोपा देतात, ते शिरतं. गोळ्याच्या बाहेरच्या द्रवात दोन्ही घालून पाहिली. डोपामिन बाहेर राहिलं, एल-डोपा आत गेलं. नवीन यंत्र आलं की आम्हीही आधी कंट्रोल, म्हणजे उत्तर माहीत असलेला नमुना, लावून बघायचो. कंट्रोल जुळला नाही तर पुढचे सगळे आकडे निकामी.

मग त्यांनी एक नाजूक प्रकरण तपासायला घेतलं. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात बीआयए १०-२४७४ या औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर पहिली चाचणी चालू होती. वाढीव मात्रा घेणाऱ्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, इतर काहींना मेंदूचा त्रास होऊन रुग्णालयात ठेवावं लागलं. केंब्रिजच्या गोळ्यांतल्या पाण्यात हे औषध साचताना दिसलं. याचा अर्थ ही चाचणी आधी असती तर तो माणूस वाचला असता, असं काही लेखांत सुचवलेलं मी वाचलं. मला ते घाईचं वाटतं. झालेल्या दुर्घटनेचं कारण शोधायला मागे जाणं वेगळं, आणि उद्याच्या शंभर औषधांतून नेमकं तेच बाजूला काढणं वेगळं. पण औषध पाण्यात साचतं की नाही हे माणसाच्याच पेशींवर, माणसाला धोक्यात न घालता विचारता येतं, एवढं खरं. २०२० मध्येच केंब्रिजच्या या गटाने गोळ्यांना कोविडचा विषाणूही लावून पाहिला. चेतापेशींकडे त्याने फारसं लक्ष दिलं नाही. प्लेक्ससच्या पेशींत तो शिरला आणि घट्ट शिवण उसवून थर गळका झाला.

मी मात्र हे सगळं वाचत होते ते कोळिष्टक धरलेल्या बाटल्यांसाठी. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या त्या सुजेत, आपण जी औषधं देतो ती फुप्फुसाच्या क्षयाचीच, पण मेंदूच्या पाण्यात सगळी सारखी पोचत नाहीत. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड चांगली पोचतात. रिफॅम्पिसिन, म्हणजे लघवी केशरी करणारी ती मुख्य गोळी, फार थोडी. स्ट्रेप्टोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल आवरणं सुजलेली असतील तेव्हाच जरा बरी, आणि रुग्ण सुधारू लागला, सूज उतरली, की त्यांची वाट पुन्हा अरुंद. जास्त रिफॅम्पिसिन दिलं तर? व्हिएतनाममध्ये ८१७ प्रौढ रुग्णांवर हे करून पाहिलं, मात्रा वाढवली, जोडीला लिव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक जंतुनाशक दिलं. २०१६ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. दारातून किती आत गेलं एवढंच बघून भागत नाही हा त्यातला धडा, आणि तो केंब्रिजच्या गोळ्यांनाही लागू आहे.

कारण गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत. 'रक्ताची बाजू' म्हणजे बाहेरचं गुलाबी द्रव. पांढऱ्या पेशी नाहीत, म्हणून मी ज्यांची मोजणी करत बसायचे ती सूज तिथे येऊच शकत नाही. आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. शरीरात ते मेंदूवरच्या आवरणातून शिरांमध्ये, आणि नाकाच्या मुळाशी व इतरत्र लसिकावाहिन्यांमध्ये शोषलं जातं. गोळ्यात ते नुसतं साठतं. तिथे औषध साचलेलं दिसलं तर ते आत जास्त गेलं म्हणून, की निघायला जागा नाही म्हणून, हे वेगळं तपासावं लागणार. वयाचाही प्रश्न आहे: काही महिन्यांचा गोळा गर्भाच्या जवळचा, साठीच्या माणसाच्या प्लेक्ससपासून दूर.

तरी मला वाटतं, पहिली मागणी याच गोळ्यांकडे करावी. त्यांच्यात पांढऱ्या पेशी बाहेरून घालाव्यात, क्षयाचे जंतू घालून शिवण कशी उसवते ते बघावं, आणि मग एकेक औषध पहिल्या दिवशी, दहाव्या दिवशी, सूज उतरताना किती पलीकडे जातं ते मोजावं. व्हिएतनामच्या रुग्णांच्या कमरेतून असं रोज पाणी काढता आलं नसतं. गोळ्यातून काढता येईल. आणि हे काम जिथे हा आजार अजून वॉर्डात येतो तिथे व्हावं. अडचणी मला दिसतात. जेल आणि वाढीची प्रथिनं परदेशातून येतात आणि महाग पडतात, गोळा कामाचा व्हायला महिने जातात, एका गोळ्यातून निघणारं पाणी मायक्रोलिटरमध्ये मोजावं लागतं, जिथे आम्ही दोन मिलिलिटर आलं तरी कमी पाठवलंय म्हणून कुरकुरायचो. जिवंत क्षयजंतू हाताळायचे तर बीएसएल-३ दर्जाची बंदिस्त प्रयोगशाळा लागते. तेवढ्यापुरतं तरी अडायचं कारण नाही. क्षयासाठी तशा प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत.